कॅमेऱ्यापुढे फिट येईना

तमाम जनतेस, विशेषतः नंदनवन वस्तीतील शेजारी, प्रतापनगरातील सासुरवाडी आणि गेल्या स्नेहसंमेलनाला माझ्याकडून रावणाची दहा तोंडं नेऊन नऊच परत करणारी ती शाळा, या सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्या इसमाच्या मेंदूचा डावीकडचा, साधारण लिंबाएवढा भाग रीतसर काढून टाकण्यात आला असून, उरलेला मेंदू सकाळी दहा ते रात्री आठ दुकानात उपलब्ध आहे. काढलेल्या भागात कोणाला दिलेला शब्द होता, असा दावा ग्राह्य धरला जाणार नाही.

हे निवेदन मी स्वतः लिहिलं आणि दुकानाच्या शटरवर लावायला निघालो. कुंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, ते वाचलं आणि म्हणाली, "अजी, रावनाच्या तोंडाचं कायले टाकलं? ते लोक येतील ना भांडाले." मेंदूबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

माझा धंदा ड्रेपरीचा. नाटकं, झाक्या म्हणजे मिरवणुकीतले देखावे, शाळांची गॅदरिंग यांना कपडे, दाढ्या, मुकुट, गदा भाड्याने देणे. मला पंचविसाव्या वर्षापासून फिट यायच्या, ज्याला आमच्याकडे दार लावून मिरगी म्हणतात. चोवीस वर्षं आल्या. ऑपरेशनला आता चौदा महिने झाले आणि एकही आलेली नाही. ज्यांना फिट येतात आणि ज्यांच्या घरात येतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. डॉक्टरांनी वाचलं तर त्यांनी मनातल्या मनात हसावं.

हत्तीचं माप

फिट म्हटली की लोकांना जमिनीवर हातपाय झाडणारा माणूस दिसतो. तशी मोठी फिट मला वर्षातून एक-दोनदाच यायची. रोजच्या वापरातली वेगळी. आधी पोटातून काहीतरी वर चढायचं, जळलेल्या जिऱ्याचा वास यायचा आणि मी निघून जायचो. कुठे, ते मला माहीत नाही. मागे उरलेला माणूस म्हणे टक लावून बघायचा, विडा चघळल्यासारखं तोंड हलवायचा आणि सदऱ्याची बटणं काढायचा, लावायचा. दोन मिनिटांनी मी परत यायचो, तेव्हा कोणीतरी माझ्याकडे बघत असायचं.

कोणीतरी बघतं, हाच खरा आजार आहे असं आमच्या घरात ठरून गेलं होतं. म्हणून लग्नाआधी कुंदालाही सांगितलं नव्हतं. तिला लग्नानंतर अकराव्या दिवशी कळलं, तेही पाहुण्यांना चहा देताना. तिने कप खाली ठेवले, शेजारच्या खुर्चीवरची शाल उचलली, माझ्या डोक्यावरून टाकली आणि पाहुण्यांना म्हणाली, "यायले थंडी वाजून राहिली." महिना मे होता.

तिथून आमची पद्धत बसली. जिऱ्याचा वास आला की मी कुंदाकडे बघायचं. तिने हाताला लागेल ते मोठं कापड माझ्यावर टाकायचं. राजाची शाल, नाटकाचा पडदा, एकदा तर दोन माणसं आत शिरतात तो झाकीतला अख्खा हत्ती. गिऱ्हाईकाला सांगायचं, "माप घेऊन राहिले." बावीस वर्षांत एकाही गिऱ्हाईकाने विचारलं नाही की हत्तीचं माप आतून का घेतात.

फसवणुकीतली ही सफाई आम्ही डॉक्टरकडेही वापरली. डॉक्टर विचारायचे, "महिन्यात किती?" आम्ही दोघं एका सुरात म्हणायचो, "एखादी." खरा आकडा आठ-दहा होता. पण जास्त सांगितलं की गोळी वाढायची, आणि गोळी वाढली की मी दुपारभर मुकुट हातात घेऊन बसायचो आणि तो कोणाला द्यायचा ते आठवायचं नाही. शिवाय बाहेरच्या बाकावर ओळखीचं कोणी बसलेलं असायचंच. म्हणून आवाज खाली, आकडा त्याच्याही खाली. डॉक्टर फाईलवर लिहायचे: आजार आटोक्यात. चोवीस वर्षांची जाड फाईल, आणि पानापानावर मी बरा.

चार डाग

राजाचे अंगरखे इस्त्री करताना फिट आली आणि माझा हात इस्त्रीखाली राहिला. भाजलं बऱ्यापैकी. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून एका मोठ्या दवाखान्यात गेलो आणि तिथे मेंदूच्या विभागात एक डॉक्टर मॅडम भेटल्या. वय असेल पस्तीस. मला तेव्हाच संशय आला, कारण त्या फाईल वाचत होत्या. इतक्या वर्षांत फाईल कोणी वाचलेली मी पाहिली नव्हती.

"महिन्यात किती फिट येतात?"

"एखादी," आम्ही दोघं.

त्यांनी माझी बाही वर केली. नवा डाग आणि त्याच्याखाली जुने तीन. त्यांनी ते मोजले, मग कुंदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा या आठवड्यातला. हे दोन अजून लाल आहेत, म्हणजे याच वर्षातले. तुम्ही इस्त्री नेमकी फिट येते त्याच दिवशी करता का?"

कुंदा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागली. मी बायकोला इतका रस घेऊन कॅलेंडर वाचताना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "आठ. कधी दहा."

मॅडम रागावल्या नाहीत, आणि याचाही मला संशय आला. त्या म्हणाल्या, "दोन प्रकारच्या योग्य गोळ्या पुरेशा देऊनही फिट थांबत नसतील, तर ऑपरेशन करता येईल का हे तपासायला हवं. तुमच्या सहा झाल्या आहेत. हे तुम्हाला वीस वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं. पण त्यांना कोण सांगणार? फाईलमध्ये तुम्ही बरे आहात."

मिरगीवर ऑपरेशन असतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. दवाखान्यातून बाहेर आलो तेव्हा आम्ही दोघं भरदुपारी स्कूटरजवळ उभे होतो आणि कोणीच हेल्मेट घालत नव्हतं.

"काहून सांगतलं असन तिनं?" कुंदा म्हणाली.

"तेच मी पाहून राहिलो."

संशयाचा सीझन

पुढचे दोन महिने मी आयुष्यात सगळ्यात मन लावून काही केलं असेल तर संशय घेतला. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होतं म्हणाले, म्हणजे नक्की शिकाऊ लोक हात साफ करणार. मॅडम हसून बोलतात, म्हणजे वरून सांगितलेलं असणार की एवढी डोकी या वर्षात उघडलीच पाहिजेत. एमआरआय काढणारा माणूस म्हणाला, "छान आलाय," आणि मी दिवसभर विचार करत राहिलो की त्याला काय छान वाटलं.

जुन्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "डोक्याला हात लावू देऊ नका. आटोक्यात तर आहे." आटोक्यात आहे हे त्यांना मीच सांगितलेलं होतं, आता तेच मला परत मिळालं.

तपासणीच्या रांगेत मला धरमपेठेतले एक साहेब भेटले. माझाच आजार, माझ्याच बाजूचा, फक्त दोन वर्षांचा. दोन वर्षं! माझ्या दुकानात त्याहून जुन्या दाढ्या आहेत.

"तुमाले कोणं सांगतलं ऑपरेशनचं?" मी विचारलं.

"भाचा आहे ना अमेरिकेत डॉक्टर. त्याला फोनवर लक्षणं सांगितली, तो म्हणाला, मामा, वेळ घालवू नका."

पुढच्या मोठ्या तपासणीसाठी त्यांना खासगी खोली होती, त्यात स्वतंत्र मशीन, आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख. आम्हा योजनेवाल्यांसाठी एकच पलंग, एकच मशीन, आणि तारीख सात महिन्यांनंतरची. पण खरं सांगतो, मला पलंगाचा एवढा राग आला नाही. मला त्या भाच्याचा हेवा वाटला. नंदनवनातून धरमपेठेला जायला अर्धा तास पुरतो. ही एक बातमी तिकडून इकडे यायला चोवीस वर्षं लागली.

कॅमेरा

ऑपरेशनच्या आधी फिट पकडावी लागते. डोक्याला तारा चिकटवतात, समोर कॅमेरा असतो आणि डॉक्टर गोळ्या कमी करत जातात. हे दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांसमोर. घरी कोणी हा प्रयोग करू नये, जीव जातो. मग फिट यायची वाट बघायची. ती कॅमेऱ्यात दिसली आणि त्याच वेळी तारांमध्ये उमटली, की मेंदूतला कोणता कोपरा आग लावतो ते कळतं. आली नाही, तर ऑपरेशन नाही. मंजुरी पाच दिवसांची. पाच दिवसांत काही झालं नाही तर सामान उचला आणि परत रांगेच्या शेपटाला लागा.

चोवीस वर्षं मला नको असलेली गोष्ट आता बोलावल्यावर येईना. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मी आयुष्यभर दुसऱ्यांना स्टेजवर चढवलं आणि माझ्यावर लाईट पडली तर मला एन्ट्रीच सापडेना. कुंदा बाजूच्या स्टुलावर, हातात बटण. फिट आली की तिने ते दाबायचं.

प्रणाली सिस्टर दर तासाला यायच्या. "काका, काही वाटतंय?"

"भूक वाटून राहिली."

"ती नाही चालत, काका."

दाराबाहेरच्या बाकावर नामदेवभाऊ बसायचे. भिवापूरकडचे, मिरचीची शेती. त्यांची रोशनी एकोणीस वर्षांची. तिला दिवसाला तीन-तीन फिट. कॉलेज सुटलं होतं. माझ्यानंतर या पलंगावर तिचा नंबर होता. नामदेवभाऊ सकाळी, दुपारी, संध्याकाळी दाराच्या काचेला नाक लावायचे.

"आली का गा?"

"नाई ना गा."

"बरं. येईन फिट."

ते असं म्हणाले की मला वाटायचं, याने नक्की काहीतरी करून ठेवलंय. पलंगाखाली लिंबू-मिरची ठेवली असणार, आणि मिरचीला तर याच्याकडे तोटा नाही. मी कुंदाला वाकून बघायला लावलं. पलंगाखाली माझ्याच चपला होत्या. तिसऱ्या दिवशी मी आणखी बारकाईने विचार केला. याला तर माझी फिट यायला हवी आहे, म्हणजे पलंग लवकर मोकळा होईल. मग हा कशाला अडवेल? पण मग येत का नाही? संशयाची एक अडचण असते, तो जरा सरळ विचार केला की रुसतो.

वाया गेलेली फिट

चौथ्या दिवशी, साडेअकरा वाजता, जळलेल्या जिऱ्याचा वास आला.

मी कुंदाकडे बघितलं.

एवढंच मला आठवतं. परत आलो तेव्हा सगळं पांढरं होतं आणि क्षणभर वाटलं की संपलं, पोचलो आपण. मग लक्षात आलं, माझ्या तोंडावर दवाखान्याची चादर होती. बाहेरून कुंदाचा आवाज येत होता. ती दाराकडे तोंड करून सांगत होती, "काई नाई, झोपले ते."

बटण तिच्या मांडीवर तसंच पडलेलं होतं.

प्रणाली सिस्टर धावत आल्या, चादर ओढली, मॅडम आल्या. कॅमेऱ्यात एका पांढऱ्या गाठोड्याशिवाय काही नव्हतं. गाठोडं थोडं हलत होतं. तारांमध्ये काहीतरी उमटलं होतं, पण चादरीने दोन तारा उपटल्या गेल्या, नेमक्या डाव्या बाजूच्या. मॅडम पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या.

"अहो ताई, झाकलंत कशाला?"

कुंदा चादरीची घडी घालत राहिली. घडी अगदी चौकोनी झाली तरी घालत राहिली.

आम्ही दोघं

मी वाईट बोललो. ते इथे लिहितो, कारण आजारपणात असं बोललं जातं आणि नंतर कोणी लिहीत नाही.

"तुले ऑपरेशन होऊच द्यायचं नाई," मी म्हणालो. "जाणून-बुजून केलं तू."

"हो, केलं."

"बघा! म्हणूनच मले..."

"काय म्हणून? अजी, लग्नाच्या आधी तुमी झाकलं. मंग बावीस वर्षं मी झाकलं. हात आपोआप जाते माया. एका दिवसात कसा थांबवू?"

लग्नानंतरच्या त्या अकराव्या दिवसाबद्दल ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली.

मग ती हळूच म्हणाली, "आनि मॅडम म्हने, डाव्या बाजूले बोलनं राह्यते. थोडं इकडंतिकडं होऊ शकते. तुमचं बोलनं गेलं तं मायापाशी काय राहिलं? दाढ्या?"

मी तिच्यावर संशय घेतला होता आणि तो खरा होता, फक्त त्याच्या आतलं कारण मी बघितलं नव्हतं. ती घाबरली होती. मीही घाबरलो होतो, पण मी ते नामदेवभाऊंच्या मिरच्यांवर ढकलत होतो.

सिस्टरनी बाजूच्या खुर्चीवरच्या जादा चादरी उचलून नेल्या. कुंदाची ओढणीसुद्धा मागितली. कुंदाने ती दिली.

दोन दिवस

पाचवा दिवस कोरडा गेला. धरमपेठेच्या साहेबांनाही पाच दिवसांत फिट आली नव्हती, असं सिस्टरकडून कळलं. त्यांनी आणखी चार दिवस घेतले, पेपर वाचत, आणि आली. खासगी खोलीत दिवस विकत मिळतात. आमच्या पलंगावर दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनी येणार होती.

मॅडम म्हणाल्या, "योजनेकडून दोन दिवस वाढवून घ्यायचा प्रयत्न मी करते. पण पुढच्या पेशंटची तारीख ठरलेली आहे. त्यांना मी थांबा म्हणू शकत नाही."

दाराच्या काचेवर नाक होतंच. नामदेवभाऊ आत आले.

"घेऊ दे यायले दोन दिवस," ते म्हणाले. "आमी थांबतो धर्मशाळेत."

मी उठून बसलो. तारा ताणल्या गेल्या, मशीन किरकिरलं. ज्या माणसाच्या पोरीला दिवसाला तीन फिट येतात, तो स्वतःचे दोन दिवस मला देतो? कोणी देतं का असं?

"काहून?" मी विचारलं. सरळ विचारलं. "काहून देता तुमी?"

त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं.

"खरं सांगू का? मले तं वाटते का हे लोक गरिबाचं काई करत नाई. नुसतं तपासून सोडून देते. तुमी बी योजनेचे, आमी बी योजनेचे. तुमचं खरंच झालं, तं मी समजीन का पोरीचंबी होईन. पहिले तुमच्या डोक्यावर पाहू दे."

आयुष्यात मला इतका प्रामाणिक संशय कोणी दाखवला नव्हता. मी हसलो, ते हसले, बाहेर बाकावरून रोशनीही हसली. दारात उभ्या मॅडमना काय करावं कळेना, म्हणून त्या गेल्या आणि मंजुरीचा कागद घेऊन आल्या.

हसणारे लोक

सातव्या दिवशी दुपारी चार वाजता चहा आला. कप हातात घेतला. त्यानंतरचं मला आठवतं ते एवढंच की कप हातात नव्हता, सदऱ्याची तीन बटणं उघडी होती आणि खोलीत लग्नाला जमावेत तेवढे लोक होते. मॅडम, सिस्टर, मशीनवाला, सफाईवाल्या मावशी. सगळे हसत होते. म्हणजे तोंड दाबून. बाहेर नामदेवभाऊ रुमालाने डोळे पुसत होते.

"आली?" मी विचारलं.

"आली, काका. एकदम छान आली," सिस्टर म्हणाल्या आणि परत हसू आवरेना म्हणून बाहेर पळाल्या.

कुंदाकडे बघितलं. ती लालबुंद.

"काय केलं तू?"

"काई नाई केलं."

"मंग हे काहून हासून राहिले?"

"मले काय माहीत? चहा घ्या दुसरा."

मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, "सगळं नीट रेकॉर्ड झालंय." नामदेवभाऊंना विचारलं, ते म्हणाले, "वहिनीले इचारा." वहिनी चहा आणायला गेलेली, ती अर्धा तास आली नाही. एक कुंदा सोडली तर इतके दिवस मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांत काही निघालं नव्हतं. इथे नक्की काहीतरी होतं आणि कोणी सांगत नव्हतं.

लिंबू

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण मी झोपलो होतो. सकाळी स्ट्रेचर निघालं तेव्हा कुंदाने माझा हात धरला आणि म्हणाली, "बोलत राहा." मी लिफ्टपर्यंत बोलत राहिलो. ती लिफ्टच्या बाहेर राहिली.

जाग आली तेव्हा मॅडमनी एक-एक वस्तू दाखवून नाव विचारलं. पेन. घड्याळ. चमचा. सगळी आली. मग मीच शहाणपणा करून दुकान आठवायला गेलो, आणि राजा डोक्यावर घालतो त्याचं नाव येईना. मी कुंदाला म्हणालो, "ते डोक्याचं भांडं." ती रडली. दुसऱ्या दिवशी मुकुट आला. आजही काही शब्द दाराशी येऊन उभे राहतात, आत येत नाहीत. माणसांची नावं जास्त. मी सगळ्यांना "राजे" म्हणतो, लोकांना वाटतं मी मान देतोय. गोळ्या अजून चालू आहेत, पण कमी. दुकानात इस्त्री आता मी निर्धास्त करतो आणि शाली कपाटात असतात.

रोशनीचं सांगायलाच हवं. तिला पलंग मिळाला. पहिल्याच दिवशी दोन फिट कॅमेऱ्यात आल्या, स्वच्छ. पण एमआरआयमध्ये कोपरा नीट दिसत नाही. मेंदूच्या आत तारा घालून करायची आणखी एक तपासणी लागते. ती मोठ्या शहरात मोजक्याच ठिकाणी होते आणि आमच्या योजनेत बसत नाही. मॅडमचे अर्ज चालू आहेत. मीही चार ठिकाणी जाऊन बोललो आहे, बोलणं शाबूत आहे त्याचा काहीतरी उपयोग. नामदेवभाऊ दर पंधरा दिवसांनी फोन करतात. आधी माझं विचारतात, "आली का गा?" मी म्हणतो, "नाई ना गा." मग मी रोशनीचं विचारतो आणि ते कालच्या फिट मोजून सांगतात. त्यांचा संशय अर्धाच खोटा ठरला आहे. उरलेला अर्धा खोटा ठरवणं आमच्यापैकी कोणाच्या हातात नाही.

तुमच्या घरी फिट येत असतील तर डॉक्टरला खरा आकडा सांगा. लाज वाटली तर कागदावर लिहून द्या. फिट आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, तोंडावर काही टाकू नका, आणि कोणाकडे फोन असेल तर त्याला रेकॉर्ड करू द्या. आणि दोन प्रकारच्या गोळ्या पुरत नसतील तर विचारा, "ऑपरेशन होऊ शकते का?" हे विचारायला अमेरिकेत भाचा लागत नाही, आम्हाला फक्त ते माहीत नव्हतं.

रेकॉर्डिंग

वर्षानंतरच्या तपासणीला मॅडम म्हणाल्या, "तुमची फिट फार स्पष्ट आली होती. विद्यार्थ्यांना शिकवायला दाखवू का? तुमची परवानगी लागेल."

"आधी मले पाहू द्या," मी म्हणालो.

कुंदा लगेच उठली. "कायले पाहता? चला, दुकान उघडायचं आहे."

"तू बस."

मॅडमनी संगणक आमच्याकडे वळवला. मी स्वतःला कधी पाहिलेलं नव्हतं. पलंगावर डोक्याला तारा चिकटवलेला एक माणूस, हातात चहाचा कप. तो कुंदाकडे बघतो. मग त्याचे डोळे रिकामे होतात. कप कलंडतो, चहा चादरीवर सांडतो. तोंड विडा चघळू लागतं. हात सदऱ्याच्या बटणांकडे जातात. पहिलं बटण. दुसरं. वाईट नट, एकाच हालचालीवर अडकलेला. मला त्याची दया आली, आणि मग आठवलं की तो कोण आहे.

कुंदा कॅमेऱ्यात येते. ओढणी नाही. तिचे दोन्ही हात आपोआप पायाकडच्या चादरीकडे जातात, चादर उचलतात, अर्ध्यावर येतात. ती थांबते. तशीच उभी राहते, हातात चादर, तोंड माझ्याकडे. मग ती चादर खोलीच्या पार कोपऱ्यात फेकते. स्टुलावरचं बटण उचलते आणि दाबते, एकदा नाही, सात-आठ वेळा, कुकरच्या शिट्टीसारखं. दोन पावलं मागे सरते, कॅमेऱ्याच्या वाटेतून बाहेर. मग वळते, आणि दाराबाहेरच्या लांबलचक वॉर्डातल्या प्रत्येक पलंगावर, प्रत्येक पाहुण्याला, बाहेरच्या बाकावर बसलेल्या प्रत्येक ओळखीच्या-अनोळखी माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात दाराकडे तोंड करून ओरडते:

"नामदेवभाऊ, आली हो आली, यायले मिरगी आली, मस्त पष्ट आली! आना आता तुमच्या पोरीले!"